तोरा, दोर आणि दोन टन

पिकअपला हायड्रोलिक विंच बसवायची ती धंदा वाढावा म्हणून, असं कर्जाच्या अर्जात लिहिलंय. खऱ्या कारणासाठी अर्जात रकानाच नव्हता. बोअरमधली मोटर काढायची म्हणजे तिपाई रोवा, चेनकप्पी अडकवा, साखळी ओढा. चार माणसं घामाघूम व्हायची आणि मालक म्हणून मी बाजूला उभा राहून "सावकाश, सावकाश" म्हणायचो. त्या 'सावकाश'ला गावात काडीचा मान नाही. डोळ्यांवर गॉगल, एक हात लिव्हरवर, नजर लांब कुठंतरी, असं चारचौघांत उभं राहायचं माझ्या फार दिवसांपासून मनात होतं.

"विंचनं काय काय निघतं?" बायकोनं विचारलं.

"मोटर निघते, पाईप निघतो, आत तुटून पडलेली केबलसुद्धा निघते."

"आणि दिवाळं?"

तिला समजावलं की बॅटरीवरची विंच स्वस्त पडते, पण भार आला की ती शेकडो अँपिअर खाते, तापते, मग तिला विसावा द्यावा लागतो. हायड्रोलिकचं तसं नाही. इंजिनवरून पट्टा घेऊन पंप फिरवायचा, पंप दाबानं तेल पाठवतो, त्या तेलावर मोटर फिरते, मोटर ड्रम फिरवते आणि तेल परत टाकीत. इंजिन चालू तोवर दम लागत नाही. भार अति झालाच तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तेल मुकाट्यानं टाकीकडे वळतं आणि दोर वाचतो.

हा व्हॉल्व्ह नवा शोध आहे असं समजणाऱ्यांनी मोट बघितलेली नाही. आजोबांच्या मोटेला तो होता. दोन होते, दोघांना शिंगं होती. ओझं अति झालं की बैल जागच्या जागी थांबत, मागं वळून बघत, आणि आजोबा काय ते समजून घेत. बाकी रचनाही बघा. बैल धावेवरून खाली उतरत जातात, उताराला त्यांचं स्वतःचं वजन कामी येतं, नाडा चाकावरून सरकतो, मोट वर येते. दुसरा दोर सोंदूर, तो सोंडेला. मोट काठाशी पोचते तेव्हा सोंड आपोआप थारोळ्यात मोकळी होते. पाणी ओतायला माणूस लागत नाही. मग बैल उलट्या पावली धाव चढून वर. गाडीला रिव्हर्स गिअर असतो याचं कौतुक मला त्यामुळं कधीच वाटलं नाही. वर मोटकऱ्याचं गाणं असायचं. माझ्या पंपाची शिट्टी ऐकून कुणी ओवी रचेल असं दिसत नाही. आजोबा मोट हाकताना गॉगल घालत नसत, एवढीच काय ती आमची प्रगती.

असो. गाडीत फेरफार म्हटला की 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं; त्या कागदांच्या फेऱ्यांवर वेगळा लेख होईल. विंच बसली. बाजूला ठळक अक्षरांत '2 टन क्षमता' रंगवून घेतलं. हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थरापुरता खरा असतो. दोराचे थर चढत जातात तशी ओढ कमी होते. हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, तुम्हाला सांगितलं. 2 इंची जीआय पाईप 600 फूट, आतल्या पाण्यासकट, सव्वा टनाच्या पुढं भरतो. तेवढं ती आरामात उचलते.

पहिल्या कामाला गर्दी जमली. गॉगल चढवला, लिव्हर ओढला, नजर लांब लावली. थोड्या वेळानं हळूच बघितलं तर माझ्याकडं एकाचंही लक्ष नाही. सगळे बोअरच्या तोंडाकडं बघत होते. पाईप वर आला की आमचा म्हातारा मेट क्लॅम्प आवळायचा, पान्ह्यानं जोड सोडायचा, पाईप आडवा ठेवायचा. प्रत्येक पाईपवर घरची बाई वाकायची आणि तळवा फिरवून बघायची. गंज लागत होता, हात कोरडाच. पाणी कुठं आहे ते बाहेरून ओल्या झालेल्या पाईपवरून कळतं. पाईपांची रास वाढत गेली तरी ओल येईना. शेवटी एका पाईपचं खालचं टोक ओलं आलं. तिनं तो हात पदराला पुसला नाही. "मामा, पाणी हाय ना खाली?" तिनं मेटाला विचारलं. मला नाही.

महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या पुढची विहीर ही 'खोल विहीर' ठरते. 60 मीटर म्हणजे जेमतेम 200 फूट. आमच्या भागात 200 फुटांवर माझा दोर नीट ताणलेलाही नसतो. तिरुचेंगोडची बोअरची गाडी रात्रीत येते, भोक पाडते, पैसे मोजून घेते आणि सकाळी पुढच्या गावाला जाते. कायदा कुठं असतो तेव्हा, ते कुणी विचारत नाही. संताप येतो. पण पाणी जितकं खोल तितकं माझं बिल मोठं, त्यामुळं हा संतापही मी हप्त्याहप्त्यानं करतो.

तेव्हा एक विनंती. पाऊस यायच्या आधी बोअरशेजारी खड्डा घ्या, दगडगोटे, खडी, वाळू भरा आणि छपराचं, बांधाचं पाणी गाळून त्यात सोडा. खर्च माझ्या एका फेरीपेक्षा फार नाही. माझ्या कर्जाची काळजी करू नका. चिखलात रुतलेल्या उसाच्या ट्रॉल्याही विंच ओढते. फक्त दोर ताणलेला असताना मध्ये उभे राहू नका, आणि जमलं तर एकदा माझ्याकडंही बघा.