चार इंच हवा

घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याला मायक्रोफोन कोणता घ्यावा हे कोणीही सांगतं. भिंतींना काय लावावं असं विचारलं की मात्र समोरचा आधी ऐपत विचारतो आणि मग करवत आहे का ते विचारतो. तयार पॅनेल महाग पण सुबक, घरी बनवलेलं स्वस्त पण जाडजूड, असं या क्षेत्रातलं सर्वमान्य सुभाषित आहे. मी पुण्यात दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये कथांचं अभिवाचन ध्वनिमुद्रित करतो. तयारवाले आणि बनवणारे, दोघांशीही माझा व्यवहार झालेला आहे आणि दोघांबद्दलही तक्रार आहे. ती क्रमाने मांडतो.

आधी खोली. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. त्या हिशेबाने समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपासचा एक सूर कायमचा मुक्कामाला येतो. लांबी-रुंदी सारखी, म्हणून भिंतींच्या दुसऱ्या जोडीतही तोच. उंची पावणेदहा फूट, तिथे 58. म्हणजे बिल्डरने मला तिन्ही दिशांनी जवळजवळ एकच सूर लावून दिलेला आहे. माहितीपत्रकात लॅंडस्केप गार्डन होतं, ज्येष्ठांसाठी कट्टा होता, या सुराचा उल्लेख नव्हता. टाळी वाजवली तर खोली टर्रर्र असं उत्तर देते. प्रतिध्वनी ऐकायला शाळेच्या सहली विजापूरच्या गोल घुमटाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. मला परत यायची सोय नाही, कारण हप्ता वीस वर्षांचा आहे.

तयार माल घेणाऱ्याला सर्वांत आधी भेटतो तो फोम. फूटभर लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड, अंगावर पिरॅमिड. रंग दोन, काळा आणि लाल. ही इंचभर जाडी पिरॅमिडच्या शेंड्यापर्यंत मोजलेली असते. दोन शेंड्यांच्या मधल्या घळीत किती उरते, याबद्दल खोकं मौन पाळतं. माल हवाबंद पिशवीत दाबून येतो आणि फुगायला एक दिवस द्या अशी सूचना असते. काही तुकडे फुगतात, काही आले तसेच राहतात. न फुगलेले परत करायचे तर संपूर्ण संच मूळ पिशवीत, मूळ आकारात भरून पाठवावा लागतो. फुगलेले तुकडे अर्थातच पिशवीत जात नाहीत. ही अट ज्याने लिहिली त्याला आपला माल नीट माहीत आहे, एवढं मान्य करायला हवं.

फोमचा खरा प्रश्न रंगाचा नाही, जाडीचा आहे. लाट भिंतीवर आपटते तिथे, अगदी भिंतीला लागून, हवेचे कण हलतच नाहीत. ते सर्वांत जास्त हलतात पाव लाटेइतक्या अंतरावर. सच्छिद्र पदार्थ आवाज शोषतो तो हलणाऱ्या हवेला अडवून, घर्षणाने तिची उष्णता करून. हवा हलतच नसेल तर त्याला काम नाही. 1000 हर्ट्झच्या लाटेचा पाव भाग साडेआठ सेंटिमीटर भरतो, 100 हर्ट्झच्या लाटेचा 86 सेंटिमीटर. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण याच 100-120 हर्ट्झच्या परिसरात असतो. इंचभर फोमची आणि त्याची भेटच होत नाही. फोमला फक्त वरचे सूर सापडतात, तेवढे तो मन लावून खातो. माझ्या ‘स’, ‘श’ आणि ‘च’ची धार खोली ठेवून घेते आणि गुरगुर तेवढी मला परत करते. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि धूर विषारी करतो. आमचा अग्निरोधक आहे, असं विक्रेता म्हणतो. प्रमाणपत्र मागितलं की तो तेच वाक्य जरा सावकाश म्हणतो.

याहून वरच्या दर्जाचं तयार पॅनेल घ्यायला गेलो, तर तिथे एक आकडा दाखवतात. एनआरसी 0.95. म्हणजे किती आवाज शोषला जाईल त्याचं माप. हा आकडा 250, 500, 1000 आणि 2000 हर्ट्झ या चार ठिकाणच्या मापांची सरासरी असतो आणि तो जवळच्या 0.05 ला नेऊन टेकवतात. 250च्या खाली काय घडतं याचा त्याच्याशी संबंध नाही. माझी तक्रार ज्या सुरांबद्दल आहे ते सगळे 250च्या खाली आहेत. विद्यार्थी ज्या विषयात नापास होतो तो वगळून टक्केवारी काढली, तर कोणत्याही पालकाला आनंदच होईल. एका पत्रकावर तर 1.05 होतं, म्हणजे जेवढा आवाज आला त्याहून जास्त गिळला. याला कारण आहे. प्रयोगशाळेत पॅनेलच्या कडाही आवाज शोषतात आणि भागाकार मात्र फक्त दर्शनी क्षेत्रफळाने करतात. पण नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकलेल्या माणसाला शंभरापैकी एकशे पाच दाखवून वर त्याच्याकडून आगाऊ रक्कम घेणं बरं नव्हे.

म्हणून लोक म्हणतात, स्वतः बनवा. रॉकवूल आणा, चौकट करा, कापड मढवा, झालं.

रॉकवूल म्हणजे वितळवलेल्या बेसाल्टचे म्हातारीच्या केसांसारखे काढलेले तंतू. बहुतेक महाराष्ट्र बेसाल्टवर उभा आहे. आमचे गडकिल्ले त्यातलेच, लेणी त्यातलीच. तरीही मला त्याच्या चार लाद्या सुट्या मिळत नाहीत. हा माल विकणारे बॉयलर आणि भट्ट्यांच्या दुनियेतले. दुकानात पाय ठेवताच पहिला प्रश्न, “टेम्परेचर किती?” मी म्हटलं, खोलीचं असतं तेवढं. “मग लावताय कशाला?” आवाजासाठी म्हटल्यावर त्यांनी 48 घनता हवी, 64 हवी की 96, असं विचारलं. त्यातली कोणती आवाजाला बरी, या प्रश्नावर म्हणाले की अठ्ठेचाळीस आहे, बाकीची ऑर्डर द्यावी लागेल आणि पूर्ण गठ्ठेच घ्यावे लागतील. तंतू अंगाला लागले की दोन दिवस खाज सुटते, हे त्यांनी पैसे मोजून झाल्यावर सांगितलं.

पुढे मापांचा मामला. रॉकवूलची लादी मीटरात असते, एक मीटर बाय साठ सेंटिमीटर. चौकट फुटात होते, कारण आपल्याकडे सुतार दोन बाय चारच्या पलीकडे बोलत नाहीत. दोन फूट म्हणजे 61 सेंटिमीटर, चार फूट म्हणजे 122. एका बाजूला सेंटिमीटरभर फट आणि दुसऱ्या बाजूला 22 सेंटिमीटरचं खिंडार. ते बुजवायला आणखी लादी कापायची आणि कापताना पुन्हा खाज. चौकट मीटरात करा असं सुचवल्यावर मिस्त्री म्हणाले, “साहेब, प्लाय आठ बाय चारचा येतो. लाकूड वाया जाईल.” लाकूड वाया जाऊ नये म्हणून मी रॉकवूल वाया घालवलं. या देशाने दशमान पद्धत स्वीकारल्याला साठ वर्षांहून जास्त काळ लोटला आहे, ही बातमी लाकडापर्यंत पोचायची आहे.

कापडाची परीक्षा सोपी आहे. तोंडाशी धरून फुंकर मारायची. फुंकर आरपार गेली तर आवाजही जाईल, नाही तर तो कापडावरूनच परत फिरेल. शास्त्र निर्दोष आहे. पण लक्ष्मी रोडवरच्या दुकानात ठाणामागून ठाण तोंडाला लावून फुंकणाऱ्या गिऱ्हाइकाकडे काउंटरमागचे लोक कसे बघतात, हे कोणत्याही ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात दिलेलं नाही. “सोफ्याला की पडद्याला?” भिंतीला, असं म्हटल्यावर ठाणं मिटायला सुरुवात होते.

सगळ्यात जास्त अन्याय डिफ्यूझरवर झाला. जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी 1970च्या दशकात संख्या सिद्धांत वापरून अशी रचना मांडली, की आवाज शोषला न जाता सगळीकडे सारखा विखुरतो. सात ही मूळ संख्या घ्यायची, शून्यापासून पुढच्या आकड्यांचे अनुक्रमे वर्ग करायचे, सातने भागून बाकी काढायची. खाचांच्या खोल्या येतात 0, 1, 4, 2, 2, 4, 1. मी हा तक्ता मिस्त्रींना दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “साहेब, काळजी करू नका, सगळं एका लेव्हलला आणून देतो.” आणून दिलं. आता ते कपाट आहे आणि त्यात दिवाळी अंक आहेत. लहानमोठ्या पुठ्ठ्यांनी आवाज थोडाफार विखुरतो, असं म्हणायला जागा आहे. श्रोडरना याची कल्पना नसावी.

खरं तर या शास्त्राचा पायाच विकत घेण्यावर किंवा बनवण्यावर घातला गेलेला नाही. 1895 साली हार्वर्डच्या फॉग कला संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात वक्ता काय बोलतो ते कोणाला कळेना, कारण उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकावर ते काम आलं. त्यांनी शेजारच्या सॅंडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी आणि स्टॉपवॉच घेऊन मापं काढली आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या. जगभरच्या सभागृहांचं गणित अजूनही त्यातून निघालेल्या सूत्रावर उभं आहे. ना खरेदी, ना सुतारकाम, निव्वळ उसनवारी. हा आदर्श समोर ठेवून मी मंडपवाल्याकडे गाद्या आणि लोड भाड्याने मागितले. “कार्यक्रम काय आहे?” त्याने विचारलं. अभिवाचन आहे म्हटल्यावर, “माणसं किती?” एक. लग्नसराई चालू आहे, असं त्याने सांगितलं.

सेबाइन यांनी शोषणाचं एकक म्हणून उघडी खिडकी धरली, कारण खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे शंभर टक्के शोषण करणारी वस्तू बिल्डरने मला घराच्या किमतीतच दिलेली आहे. ती उघडली की माझा आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा भंगारवाला, गाडी मागे घेतानाचं संगीत आणि गच्चीवरची टाकी भरून वाहिल्याची वर्दी आत येते. इथेच तो प्रश्न येतो, जो वॉचमनपासून मामेसासऱ्यांपर्यंत प्रत्येकाने विचारलेला आहे. “एवढं सगळं लावलंत, आता शेजारचा मिक्सर ऐकू येत नसेल ना?” येतो. अतिशय स्वच्छ येतो, कारण आता त्याला प्रतिध्वनी नाही. खोलीतला आवाज निववायला मऊ पदार्थ लागतो आणि बाहेरचा अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर जेमतेम सहा डेसिबलचा फरक पडतो. हे समजावून सांगितलं की लोक मान डोलावतात आणि मग अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला देतात. त्या ट्रेंनी दोन्हींपैकी फारसं काही होत नाही. अंडी मात्र फुटत नाहीत.

आता मूळ मुद्दा. विकत घ्या किंवा बनवा, पॅनेल भिंतीला चिकटवून लावायचं नसतं. मागे मोकळी जागा सोडली की तेच पॅनेल आणखी खालच्या सुरांवर काम करू लागतं, कारण ते जिथे हवा हलते तिथे जाऊन उभं राहतं. चार इंच रॉकवूल आणि मागे चार इंच हवा, हा दोन्ही पक्षांना मान्य असलेला एकमेव उपाय आहे. तो अमलात मात्र कोणालाच आणायचा नाही. विक्रेत्याला हवा विकता येत नाही, म्हणून तो पॅनेलबरोबर चिकटपट्टी देतो. मिस्त्रींना फट म्हणजे कामातला दोष वाटतो. “लोक म्हणतील फिटिंग नीट नाही.” आईने अधिक मूलभूत हरकत घेतली. “अरे, मागे पाली होतील.” याचं खंडन करणारा एकही शोधनिबंध माझ्या हाती लागलेला नाही. पाल किती हर्ट्झला बोलते हे आता मला अनुभवाने माहीत आहे. तिचा आवाज एनआरसीच्या कक्षेत येतो.

शेवटी हिशेब केला. चारही भिंतींना आठ इंच दिले तर दहा बाय दहाची खोली आठ फूट आठ इंचांची होते. शंभर चौरस फुटांचे पंचाहत्तर उरतात. गेलेल्या पंचवीसपैकी साधारण बारा रॉकवूलने घेतले आणि तेरा हवेने. दार आणि खिडकीची सूट यात धरलेली नाही. हप्ता ठरवताना बॅंकेनेही ती धरली नव्हती. चौरस फुटाला दहा हजार रुपये हा पुण्याच्या मानाने संयमी दर लावला, तर मागच्या मोकळ्या हवेचे 1 लाख 30 हजार होतात. माझा मायक्रोफोन, रॉकवूल, कापड, मिस्त्रींची मजुरी आणि न फुगलेला फोम एकत्र केला तरी इतकी रक्कम होत नाही.

त्यामुळे विकत घ्यावं की बनवावं, या वादात मला आता रस उरलेला नाही. त्यातली सर्वांत महाग वस्तू दोघांच्याही बिलावर नसते. या तेरा चौरस फुटांवर मी व्याज भरतो, सोसायटी मेंटेनन्स घेते आणि महापालिका घरपट्टी लावते. तिथे झाडू पोचत नाही अशी आईची स्वतंत्र तक्रार आहे, ती या लेखासोबत जोडलेली समजावी.