हत्तीच्या कानाची शास्त्रोक्त लागवड

पहिली पायरी : नाव विसरा. नर्सरीत या रोपाला ‘एलिफंट इअर’ म्हणतात आणि किंमत सांगताना मालकाचा आवाज नाजूक होतो. आष्ट्यात त्याला अळू म्हणतात. ते न्हाणीच्या मागं, कुणी न सांगता येतं.

जागा निवडताना फार अक्कल चालवू नये. परड्यात जिथं आंघोळीचं पाणी तुंबतं आणि त्यावरून घरात महिन्यातून एकदा भांडण होतं, तीच जागा. साबण-पावडरीचं पाणी मात्र दुसरीकडं वळवा. पानं खायची आहेत. गड्डा दोन-तीन इंच खोल, कोंब वर ठेवून पुरा, दोन गड्ड्यांत दीड फूट अंतर सोडा. माती काळी असेल तर उत्तम, आणि आष्ट्यात दुसरी आणणार कुठून? भोवतीच्या उसाला ठिबक आलं, अळूचा कारभार अजून न्हाणीच्या पाटावरच चालतो.

यापुढं काही करायचं नाही. सुशिक्षित माणसाला हीच पायरी जड जाते.

करमेना तर पानावर तांब्याभर पाणी ओता. थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो, पान कोरडं ते कोरडं. असा अर्धा तास मजेत जातो. घरच्यांनी विचारलं तर ‘निरीक्षण चाललंय’ म्हणावं.

तोडताना बाहेरची पानं घ्यावीत, मधली सुरळी ठेवावी. वडीला काळ्या देठाचं, फदफद्याला हिरव्या देठाचं. पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्याच घशात खाजतात. म्हणून नीट शिजवा आणि चिंचेत कंजुषी नको. शेजारणीनं कुंपणावरून ‘वैनी, चार पानं नेऊ का?’ विचारलं, की ती तोडून झालेली असतात.

शोभेच्या जातींपासून सावध राहा. अळूचा देठ पानाच्या खाचेत न जुळता जरा आत, पाठीवर जुळतो आणि पानाचं टोक खाली झुकतं. खाचेतच जुळला, टोक आभाळाकडं गेलं, तर ते नुसतं बघायचं.

एवढं ठाऊक असून मी एक कुंडी विकत आणलीच. सोप्यात ठेवली, खाली ताटली, रोज फडक्यानं पानं पुसायचो. आई म्हणाली, “ह्याला पैसे दिलेस?”

आठ दिवसांनी बघतो तर दोन मोठी पानं गायब. रात्री ताटात वड्या. मी घास हातातच धरून विचारलं, “अगं, नर्सरीतलं ते, खायचं आहे का नाही कुणास ठाऊक!”

“देठ बघितलाय मी,” आई म्हणाली. “आणखी दोन वाढू?”