घोडकाठचे वेगवान उत्खनन

पुरातत्त्ववाल्यांची चेंगटाई पाहा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ साली उत्खनन सुरू केले, ते १९८३ पर्यंत ब्रशने माती झटकतच बसले. हाती काय लागले? सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरे, धान्याचे कोठार, नदीचे पाणी वळवणारा बांध आणि घरातल्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लेकरे.

त्यापेक्षा आमचे वाळूवाले कर्तबगार. शिरूर-दौंडच्या पात्रात पोकलेन आणि सक्शन बोट उतरली, की घोड-भीमेने युगानुयुगे रचलेले थर पहाटेच्या आत हायवात. ना अनुदान, ना अहवाल, ना पावती! महसूल खाते अधूनमधून बोटी जिलेटिनने उडवते, ते आपण उद्घाटनाचे फटाके समजावे.

तेव्हा पुढची उत्खनने यांनाच द्यावीत. खापरे, हाडे निवडत बसू नये. सगळे ब्रासच्या भावाने पुण्याच्या स्लॅबमध्ये ओतावे. प्रत्येक फ्लॅटधारकाच्या डोक्यावर ताम्रपाषाणयुग, तेही मेंटेनन्समध्ये.

इनामगावकर प्रौढ मृतांचे पाय घोट्यापासून तोडून मग पुरत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. हायवाची त्यांना कल्पना नव्हती.