डोकं आण इकडं!

घराण्याघराण्यात काही पदं ठरलेली असतात. जमिनीचे कागद सांभाळणारे एक अण्णा असतात, स्थळं आणणारी एक आत्या असते, मयताचं सामान न विसरता आणणारा एक मामा असतो. आणि उवा काढणारी एक काकू असते. पहिल्या तिघांची नावं लग्नपत्रिकेत छापली जातात. काकूंचं नाव कोणत्या सदराखाली घालायचं हे कुणाला ठरवता येत नाही, म्हणून ते राहून जातं.

आमच्या काकू सासवडच्या. घरची सीताफळाची बाग, दोन म्हशी, विहिरीला बारमाही पाणी. एवढ्यावर एखादी बाई गावात मिरवली असती. काकूंचं नाव झालं ते जेजुरीच्या जत्रेत घेतलेल्या एका लाकडी फणीमुळे. दोन्ही बाजूंना बारीक दाते, मधे तेल पिऊन काळी झालेली पट्टी. ही फणी त्या कुणाला उसनी देत नाहीत. मंगळसूत्र दिलं असेल एखादीला घटकाभर मिरवायला, फणी नाही.

लग्नात सगळे नवरीचा शालू बघतात, काकू करवल्यांच्या माना बघतात. त्यांचं एक शास्त्र आहे. "गणित अडलं तर पोर टाळू खाजवतं. ऊ असली तर कानामागं." डॉक्टरही आधी कानामागे आणि मानेवरच शोधतात, पण ते पेशंटला उजेडात बसवून, भिंग घेऊन. काकू हातात अक्षता धरून, तीन रांगा मागून शोधतात. शेवटच्या मंगलाष्टकाला सगळ्यांचे हात वर असतात तेव्हा काकूंचा एक हात खाली गेलेला असतो आणि त्यात कुणाच्या तरी लेकीचं मनगट असतं. "डोकं आण इकडं!"

ती आई आधी लाल होते, मग म्हणते, "अहो, आमच्याकडे नव्हत्या कधी. शाळेतनं आल्या." उवांच्या बाबतीत सगळी घराणी कुलीन असतात आणि सगळा दोष शाळेचा असतो. शाळेतल्या बाईंना विचाराल तर त्या सांगतील की मुलं सुट्टीत गावाला जातात ना, तिथनं आणतात. गाव म्हणतं, पुण्याची पोरं आली अन् घेऊन आली. म्हणजे जगात ऊ कुठेच राहत नाही, ती सतत कुठून तरी आलेली असते.

खरा कार्यक्रम मे महिन्यात, काकूंच्या ओसरीवर. सकाळचं ऊन तिरपं आलं की काकू भिंतीला पाठ लावून बसतात, पुढ्यात पांढरं जुनं धोतर अंथरतात, शेजारी खोबरेल तेलाची वाटी. मग एकेक पोर. मूल पाठमोरं बसवायचं, त्याचे खांदे दोन गुडघ्यांत पकडायचे आणि केसांचे भाग पाडत तेल चोपडायचं. भाग पाडताना काकू वाटणीपत्र करणाऱ्या तलाठ्यापेक्षा काटेकोर असतात. एक बोट रुंदीची पट्टी, मुळापासून टोकापर्यंत फणी, धोतरावर झटका, पुढची पट्टी. पडलेल्या मालाचा पुकाराही चालू असतो. "ही मोठी... हे पिल्लू... ही नुसतीच लीख, फुटलेली." मग दोन अंगठ्यांची नखं जवळ येतात आणि 'टिच्' असा आवाज होतो. शाकाहारी, माळकरी काकूंच्या आयुष्यातली एवढीच हिंसा. तिच्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "पांडुरंगाला ठाऊक आहे."

आता यातली मेख सांगतो. गुडघ्यांत अडकलेल्या माणसाला दोनच गोष्टी करता येतात, रडणं किंवा बोलणं. रडून झालं की मूल बोलू लागतं. काकू काही खोदून विचारत नाहीत. फणी चालवत नुसतं म्हणतात, "मग? बाबा येतो का वेळेवर घरी?" फणी अर्ध्या डोक्यापर्यंत पोहोचते तोवर धाकट्या जावेनं सोसायटीत भिशी लावली आहे, थोरल्या पुतण्याचं प्रमोशन हुकलं आहे, आणि गच्चीतल्या कुंडीमागे सिगारेटची थोटकं सापडतात, हे सगळं ओसरीवर आलेलं असतं. घरातला कुणीही मोठा माणूस काकूंना काहीही सांगत नाही आणि काकूंना सगळं माहीत असतं, यामागे एवढंच रहस्य आहे. मोठी माणसं मात्र त्याला त्यांचा देवऋषीपणा समजतात.

ज्ञानाच्या बाबतीत काकूंना पैकीच्या पैकी देता येणार नाहीत. त्यांच्या मते ऊ घामानं होते, गोड खाल्ल्यानं वाढते, अंगात उष्णता असली की पिकते आणि संधी मिळाली की उडते. उवेला पंख नाहीत. तिला टुणकन उडीही मारता येत नाही. तिळाएवढा जीव, सहा पाय, प्रत्येक पायाला केस पकडण्यापुरती एक आकडी. ती चालते, आणि दोन डोकी एकमेकांना टेकली की या केसावरून त्या केसावर जाते. एका मोबाइलवर चार पोरं डोकं घालून बसली की तिच्यासाठी पूलच तयार. डोकं धुतलेलं आहे की नाही याची ती चौकशी करत नाही. तिला रक्त हवं, ते दोन्हीकडे सारखंच. शिवाय डोक्यातली ऊ कसलाही रोग पसरवत नाही. ते पाप अंगावरच्या उवांचं. टायफसची साथ त्यांनी पसरवली. डोक्यावरची बिचारी फक्त खाजवायला लावते, आणि पहिल्यांदा झाली असेल तर ती खाजसुद्धा सुरू व्हायला चार-सहा आठवडे लागू शकतात. तोवर आई निर्धास्त.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. गाद्या उन्हात टाकल्या का?"

गाद्यांचीही तीच गत. डोक्यावरून पडलेली ऊ रक्ताविना दिवस-दोन दिवसांत मरते. वापरातल्या उश्यांचे अभ्रे, टॉवेल, कंगवे गरम पाण्यातून काढले की पुष्कळ झालं. काकू अख्खं घर उकळतात. गेल्या खेपेला काकांचं सदऱ्याचं कापडही उकळलं, जे अजून शिंप्याकडे गेलेलं नव्हतं.

मात्र हाताच्या बाबतीत ही बाई चुकत नाही. उदाहरणार्थ, काकूंचा सोमवार. एका सोमवारी फणी धरली की पुढच्या सोमवारी धरायचीच, आणि त्याच्याही पुढच्या. मधल्या दिवसांत जमेल तशी. कारण विचारलं तर सोमवार शंकराचा आणि शंकराच्या जटांत काय काय नांदतं, असं काहीतरी सांगतात. खरं कारण लिखेत आहे. मादी रोज सहा-आठ अंडी केसाच्या मुळाशी डिंकासारख्या चिकट रसानं डकवते. ती फुटायला आठवडा, फार तर नऊ-दहा दिवस लागतात, आणि पिल्लू वयात येऊन पुन्हा अंडी घालायला आणखी तेवढेच. म्हणजे आज मोठ्या उवा काढल्या तरी लिखा मागे आहेत. त्या फुटल्यावर आणि पिल्लं वयात यायच्या आत दुसरी फेरी व्हायला हवी. औषधाच्या बाटलीवरही साधारण हेच छापलेलं असतं. पण आमच्या पुतण्यासारखे लोक बाटलीवरची पहिली ओळ वाचतात, एकदा डोकं धुतात, आणि पंधरा दिवसांनी औषध भेसळीचं होतं म्हणून दुकानदाराशी भांडतात. शिवाय पर्मेथ्रिनसारख्या औषधाला न जुमानणाऱ्या उवा आता अनेक देशांत सापडल्या आहेत. फणीला न जुमानणारी ऊ अजून जन्माला यायची आहे.

एका बाबतीत मात्र काकूंचं ज्ञान आणि हात दोन्ही बरोबर. घरात सीताफळाच्या बियांचा ढीग असूनही त्या बियांची पूड त्या कुणाच्या डोक्याला लावू देत नाहीत. हा उपाय महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे आणि तो भयंकर आहे. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळावरचा पडदा सोलवटतो, आग होते, दिसेनासं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अशी पोरं येतात. काकूंनी शेजारच्या मुलीचे डोळे असे झालेले बघितलेत. रॉकेलचंही तेच. त्यांच्या सासूबाई चुलीशेजारी बसवून डोक्याला रॉकेल चोळायच्या. "घर पेटलं न्हाई ही खंडोबाची कृपा," असं काकू म्हणतात आणि विषय बदलतात.

हल्ली काकूंचं काम पुण्यात वाढलंय. पुतण्याची मुलगी चौथीत. वर्गाच्या ग्रुपवर एका संध्याकाळी निरोप आला, कुणाचं नाव न घेता, की पालकांनी मुलांची डोकी तपासावीत. सगळ्या आयांनी हात जोडलेले टाकले, आणि सगळ्यांनी दारं लावून तपासलं. आमच्या सूनबाई हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, सर्व्हर बंद पडला तर रात्री दोनला उठून चालू करतात, पण त्या रात्री त्यांचा चेहरा उतरलेला होता. पुतण्या गाडी काढून सासवडला गेला आणि दिवे घाटातून काकूंना अंधारात घेऊन आला. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली. "काकू गुडघ्याच्या डॉक्टरांकडे आल्यात," असं पुतण्या म्हणाला. काकूंनी पिशवीतल्या फणीवर हात ठेवला आणि गुडघा दुखल्यासारखं केलं.

लेकीचं डोकं झाल्यावर काकू सूनबाईंना म्हणाल्या, "आता तू बस, पोरी." मग पुतण्याला. एकाच्या डोक्यात निघाली की घरातली सगळी डोकी बघायची, हा नियम डॉक्टरांचाही आहे. पुतण्याची तेव्हा परदेशातल्या लोकांशी मीटिंग चालू होती. त्यानं कॅमेरा बंद केला, आवाज बंद केला आणि काकूंच्या गुडघ्यांत जाऊन बसला. तिमाहीच्या आकड्यांबद्दल त्याला काहीतरी विचारलं गेलं तेव्हा काकू म्हणत होत्या, "तीन मोठ्या." सुदैवानं आवाज बंद होता.

त्याच रात्री मी त्यांना लाखीशची गोष्ट सांगितली. आजच्या इस्राएलमधल्या या प्राचीन शहराच्या उत्खननात एक हस्तिदंती फणी सापडली, सुमारे 3700 वर्षांपूर्वीची, काडेपेटीहून लहान. एका बाजूला गुंता काढायचे सहा जाड दाते, दुसऱ्या बाजूला उवांसाठी चौदा बारीक. तिच्यावर कनानी लिपीत सात शब्द कोरलेले आहेत, की या दातानं केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघोत. अक्षरमालेत लिहिलेल्या सर्वांत जुन्या वाक्यांपैकी ते एक, आणि ते 2022 मध्ये जगापुढे आलं. माणसाला अक्षरं जमायला लागली तेव्हा ती कशाला वापरावीशी वाटली बघा, असं मी मोठ्या उत्साहानं म्हणालो.

काकू चष्मा पुसत म्हणाल्या, "लिहून जात्यात व्हय? वढावी लागती."

काकू पैसे घेत नाहीत. साडी दिली तर ठेवून घेतात आणि कुणाच्या तरी मुंजीत पुढे सारतात. अमेरिकेत हेच काम करणारी दुकानं असतात आणि ती एका डोक्याचे शेकडो डॉलर घेतात, हे भाचीनं फोनवर सांगितलं तेव्हा काकूंना पहिल्यांदा आपल्या आयुष्याचा हिशेब चुकल्यासारखं वाटलं. दोन दिवस त्या मनातल्या मनात गुणाकार करत होत्या.

जूनमध्ये काकूंची तारीख मिळत नाही, तेव्हा गरजूंनी आत्ताच सांगून ठेवावं. खोबरेल तेल घरात असू द्या, पांढरं कापड असू द्या, आणि पुढचे तीन सोमवार कुठेही बाहेर जायचं ठरवू नका. घरातली काही गोष्ट काकूंना कळायला नको असेल तर मुलांना आधीच बजावून ठेवा. उपयोग होणार नाही.