तात्या हेड बघायला येतात

जुना ट्रॅक्टर, म्हणजे आमच्या भाषेत 'हेड', घ्यायचं ठरलं की आमच्या सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी आधी पैशाची जुळणी करत नाही, तात्यांची करतो. पैसे काय, बायकोच्या पाटल्या आणि मेव्हण्याची भिशी यांतून उभे राहतात. तात्या मोकळे सापडायला नशीब लागतं. मोहोळात त्यांना अण्णा म्हणत असतील, करमाळ्यात आप्पा, अक्कलकोटकडं मामा. पण टोपी तीच, खिशातला टेस्टर तोच आणि मोटरसायकलवर मागं बसताना "मी काय बोलणार न्हाय, नुस्ता बघणार" हे वाक्यही तेच. हे वाक्य कुठल्याही तात्यांनी आजवर पाळलेलं नाही.

तात्यांचे वडील बैलपारखी. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खिलार खोंडाच्या जबड्यात हात घालून आदत, दुसा की चौसा ते सांगायचे आणि गिऱ्हाईक मान तुकवायचं. पुढं उजनीचं पाणी कालव्यांनी आलं, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, दावणीचे बैल कमी झाले आणि गोठ्याच्या जागी पत्र्याखाली लोखंड आलं. तात्यांनी धंदा सोडला नाही, फक्त जनावर बदललं. आजही ते ट्रॅक्टरला समोरून भिडत नाहीत. बाजूनं जातात, मागच्या चाकापाशी जरा थबकतात आणि लाथ येत नाही याची खात्री झाल्यावरच मडगार्डवर थाप मारतात. दराचं बोलणं उपरण्याखाली, बोटं धरून. विकणारा पोरगा तरणा असला तर त्याला बोटांचा हिशेब कळत नाही. तो गुदगुल्या झाल्यासारखा हसतो आणि तात्यांचा निम्मा दिवस वाया जातो.

नऊची वेळ ठरली असेल तर तात्या साडेसातलाच दारात हजर. उतरल्या उतरल्या रामराम नंतर, आधी इंजिनावर तळहात.

"मालक, कवा उठवली हिला?"

"न्हाय वो तात्या, उन्हानं तापली असंल."

"ऊन पडलंय टायरावर आन् तापलंय इंजिन. बरंय. च्या टाका, गार हुईस्तवर बसतो."

यात थट्टा कमी आणि शास्त्र जास्त आहे. रिंगा झिजलेलं, दाब कमी झालेलं इंजिनही तापल्यावर एका चावीत सुरू होतं. खरं काय ते रात्रभर गार पडलेलं इंजिन सांगतं. म्हणून जाणता विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी ट्रॅक्टर चालू करून ठेवतो आणि जाणते तात्या त्याच्याही आधी येऊन बसतात. एका घरी तर म्हणे मालक चार वाजता उठला, तर तात्या कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होते.

चहा होईपर्यंत तात्या बोनेट वाचतात. विकणाऱ्यानं "एकहाती गाडी हाय, दुसऱ्याचा हात लागला न्हाय" असं शपथेवर सांगितलेलं असतं. पुढं ताज्या रंगात 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न'. तात्या टेस्टरच्या टोकानं हलकेच खरवडतात. खालून 'स्वामी समर्थ' निघतात. आणखी जरा खरवडलं की हुलजंतीचा महालिंगराया. "एकहाती म्हणताय, आन् गाडी अक्कलकोट करून मंगळवेढ्याला जाऊन आलीया की!" मालक गप्प. देव खोटं बोलत नाहीत, रंगारी बोलतो.

मग मागं जाऊन हुक. माझ्या मते तात्यांची खरी विद्वत्ता या हुकापाशी आहे. घड्याळात तास काहीही दिसोत, ती काटे फिरवायची कला गल्लोगल्ली आहे. पण हुकाचं गोल भोक लांबट झालं असेल, तर त्या ट्रॅक्टरनं उसाच्या ट्रॉल्या ओढल्या आहेत. नांगरटीत ट्रॅक्टर घाम गाळतो, उसात त्याची कंबर जाते. दोन ट्रॉल्या ठासून भरायच्या, चिखलातल्या फडातून बाहेर काढायच्या, चढाला पुढची चाकं उचलली की बोनेटवर दोन पोरं बसवायची. यात क्लच प्लेट, गिअर आणि मागचं हौसिंग यांचं जे काय होतं ते नव्या रंगाखाली दिसत नाही. तात्या क्लचच्या पायट्यावर अंगठा फिरवतात. रबर गुळगुळीत. "अठराशे तास चाललीया? अठराशे तासांत पायटा असा झिजाय मालक हत्ती हाय का?"

हंगाम संपला की असे बरेच ट्रॅक्टर विकायला निघतात. त्यातले काही हौसेनं निघत नाहीत. ऊसतोडीच्या मुकादमाला उचल दिलेली असते, टोळी येत नाही, ट्रॅक्टरचा हप्ता मात्र बरोबर येतो. अशा दारात तात्या दोष सगळे मोजतात, मोठ्यानं मोजतात, पण उपरण्याखाली दर पाडत नाहीत. असं का, हे मी विचारलं तर ते माझ्यावरच उखडले. म्हणून तो विषय इथंच सोडतो.

इंजिन गार झालं. चावी. तात्या धुरांड्याकडं बघतात, बाकीचे तात्यांकडं. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, तो जाळीच्या सफाईनं किंवा पंपाच्या कामानं जातो. पांढरा धूर गार इंजिनाला माफ. तापल्यावरही राहिला तर नोझल बघा, नाहीतर पाणी कुठून शिरतंय ते बघा. निळा दिसला की तात्या टोपी काढून डोकं खाजवतात, कारण ऑइल जळतंय आणि इंजिन उतरवावं लागणार. मग इंजिन चालू ठेवूनच ऑइलचं झाकण काढतात आणि तिथं तळवा धरतात. आतून वाफेचे भपके आले तर दाब रिंगांवरून खाली गळतोय. "दमा झालाय हिला," तात्या म्हणतात आणि विकणाऱ्याच्या आईलाही खोकला येतो.

लिफ्टची परीक्षा सगळ्यांत आरामाची. पलटी नांगर अडकवायचा, वर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि दुसरा चहा मागवायचा. चहा संपेपर्यंत नांगर जमिनीला टेकला तर लिफ्टचे सील गेले. चहा फुकट मिळावा म्हणून तात्यांनी ही पद्धत काढली असं त्यांचे विरोधक म्हणतात. तसं असेलही, पण पद्धत बरोबर आहे.

कंपन्यांबद्दल तात्यांची मतं धर्माइतकी पक्की. एचएमटीचं नाव निघालं की आवाज खाली येतो. पिंजोरच्या सरकारी कारखान्यानं 1971 पासून झेक झेटरच्या मदतीनं हे ट्रॅक्टर काढले. 2016 मध्ये सरकारनं तो विभाग बंद करायचं ठरवलं, तेव्हा तात्यांनी दोन दिवस कुणाचं हेड बघितलं नाही. 5911 ची चार सिलिंडरं अजून कुठं धडधडली तर ते आवाजावरून ओळखतात. मॅसी 1035 हा तीन सिलिंडरांचा गरीब संसारी ट्रॅक्टर, "डिझेल पीत न्हाय, शिंपडून घेतो." महिंद्राचा गुण एकच आणि तो पुरेसा: गावोगावी मिस्त्री, तालुक्याला सुटे भाग. स्वराज हा नावामुळं महाराष्ट्राचाच, असं तात्यांनी कैक वर्षं धरून ठेवलं होतं. तो 1974 साली पंजाबात मोहालीला निघाला, आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेचा, हे मी सांगितलं तर चेहरा पडला. मग त्यातल्या इंजिनाला किर्लोस्करांचा हात लागलाय म्हटल्यावर लगेच म्हणाले, "मग मी काय येगळं सांगत हुतो?"

इथवर तात्या घेणाऱ्याचे. पुढच्या आठवड्यात तेच तात्या विकणाऱ्याच्या बाजूला उभे असतात आणि तोच ट्रॅक्टर अंगाखांद्यानं बदलतो. जड स्टिअरिंगनं गेल्या वेळी खांदे निखळत होते; आता "पावर स्टेरिंगचा पंप गेला की बसा बोंबलत, हिला पंपच न्हाय, जाणार काय?" कोरडे ब्रेक गेल्या वेळी यमदूत होते, आता "फाळका उघडला, पट्टी बदलली, झालं. ऑइलातलं ब्रेक उघडाय तालुक्याला जावं लागतंय." दीड-दोन टनांचं वजन डिझेल खातं, हे मागच्या गुरुवारचं मत, या गुरुवारी वजन आहे म्हणूनच काळ्या रानात चाक जागेवर फिरत नाही. आणि खाली ऑइलचं थारोळं? "ठिबकतंय म्हंजे आत ऑइल हाय. कोरडी गाडी घ्याची का?"

लोक याला लबाडी म्हणतात. मला ती वाटत नाही, कारण दोन्ही दिवशी तात्या खरंच बोलतात. जुन्या हेडात सेन्सर नाही, म्हणून बांधावर पान्यानं दुरुस्त होतं. आणि सेन्सर नाही, म्हणून ते धूरही सोडतं, डिझेलही जास्त घेतं आणि संध्याकाळी चालवणाऱ्याची कंबर धरते. जे दुरुस्तीला सोपं तेच चालवायला अवघड. दिवसाला दोन तास काम असलेल्या कोरडवाहू माणसाला ते परवडतं. ऊस आणि रोटरवर दिवसरात्र राबवायचं असेल तर नवं घेतलेलं बरं. डाळिंबवाल्यानं तर मोठ्या जुन्या हेडाचा नादच करू नये, दोन ओळींत ते मावणार नाही. हे तात्यांना माहीत आहे. पण इतकं सरळ सांगितलं तर तिसरा चहा कोण देणार?

नव्यावर त्यांचा राग आहेच. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम आले, दर वाढले आणि तात्यांचे दिवस आले. मग 22 सप्टेंबर 2025 ला ट्रॅक्टरवरची जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर उतरली आणि शोरूमला गर्दी झाली. तात्या आठवडाभर पारावर एकटे. नवव्या दिवशी ते म्हणाले, "जाऊ द्या. नवंबी जुनं हुतंयच की."

त्यांचं स्वतःचं हेड वस्तीवर उतारावर उभं असतं, चाकाखाली दगड लावून. बॅटरी मागच्या उन्हाळ्यात गेली. सकाळी दगड काढायचा, खाली सोडायचं, वाटेत गिअर टाकायचा. ते विकायला काढलं तर बघायला कुणाला न्यायचं, हा गावापुढचा प्रश्न आहे.

तर तुम्ही जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाला असाल, तर तात्यांना जरूर न्या आणि चहाला मागंपुढं बघू नका. पण कागदाचं नाव काढलं की ते म्हणतात, "कागद काय नांगर वडतोय?" तेव्हा आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, असेल तर तो उतरल्याचा दाखला कुठं आहे, इंजिन आणि चासी नंबर जुळतात का, पंधरा वर्षं होऊन गेली असतील तर नोंदणी पुढं वाढवली आहे का आणि फॉर्म 29, 30 वर सह्या झाल्या का, हे विसार हातातून सोडण्याआधी तुमचं तुम्ही बघा. तात्या चष्मा घरी ठेवून येतात.