साठीची सूट

राखेच्या बुधवारी मिस्सा संपल्यावर फादर म्हणाले, "सर, तुम्हाला आता उपवासाची सक्ती नाही हं. एकोणसाठ पूर्ण झाली की सूट असते." शेजारी चार बायका उभ्या होत्या. हे हळू सांगता आलं नसतं का? रविवारीच मी केसांना कलप लावला होता.

सक्तीचे उपवास मुळात दोनच, आज आणि शुभ शुक्रवारी. तरी मी तिथेच ठरवलं, उपवासकाळाचे चाळीसच्या चाळीस दिवस धरायचे. आत्म्यासाठी नव्हे, वयासाठी.

त्या दिवशीचं शुभवर्तमान नेमकं उलटं सांगतं: उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कुणाला कळू देऊ नका. हे वाचून होतं आणि लगेच कपाळावर राख लावतात, जुन्या झावळ्या जाळून केलेली. मी ती दिवसभर पुसली नाही. शहापूरच्या एसटी स्टँडवर जाऊन उगाच मुरबाडच्या गाडीची चौकशी केली. शिवरात्र नुकतीच झाली होती. पानवाला हात जोडून म्हणाला, "सर, भस्म झकास लागलंय!" माझं पहिलंच पुण्य शंकराच्या खात्यावर जमा झालं.

शुक्रवारी शेजारच्या काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "वहिनी, सरांचा उपवास ना? मग हा वास?"

"मटण बंद आहे," बायको म्हणाली. "बोंबील चालतो."

आता बोंबलाविषयी दोन शब्द. माझा जन्म वसईचा, त्यामुळे दोनांवर भागणार नाही. आमच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात ते जोडीनं, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. इतक्या वर्षांचा संसार झालेल्या माणसाला ते दृश्य परकं वाटत नाही. बाजारातून आणलेला बोंबील वाकवून पाहावा. कटकन मोडला तर घ्यावा, नुसता वाकला तर विकणाऱ्या मावशीकडे दुःखानं पाहावं, ती भाव उतरवते. डोकं-शेपूट काढून निखाऱ्यावर भाजायचा, गरम पाण्यातून काढायचा आणि भरपूर कांदा, हिरवी मिरची, कैरीच्या फोडी. उपवासकाळ आणि कैरी एकाच वेळी येतात, यात मला देवाची योजना दिसते. सोबत तांदळाची भाकरी. इतका सुखाचा त्याग जगात दुसरा नसेल. मटण सोडल्याचं दुःख मला तिसऱ्या भाकरीपर्यंत आठवत नाही.

काकूंनी खिचडी परत नेली. जाताना म्हणाल्या, "आमची एकादशी दुप्पट खाशी, तुमची चौपट!"

झावळ्यांच्या रविवारनंतर माझ्या जुन्या शाळेच्या पाड्यावर गेलो. खाली भातसा धरणाचं पाणी चमकत होतं. मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं तिथून जातं. पलीकडचा तानसा तलाव तर 1892 पासून मुंबईची तहान भागवतोय. आणि वर, पाड्यावर, विहीर आटलेली. सत्तरी ओलांडलेली एक आजी हंड्यावर हंडा घेऊन चढ चढत होती. एकेकाळी तिचा नातू माझ्या वर्गात होता.

"आजी, या वयात?"

"वयाला इचारतंय कोन?" ती म्हणाली. हंडे उतरवले आणि मला आधी तांब्याभर पाणी दिलं. मी प्यायलो. उपवासाचं सांगायला तोंड उघडलं होतं, ते पाण्यासाठीच वापरलं. दर शुभ शुक्रवारी क्रुसावरच्या तहानेचा उतारा मीच वाचतो, आवाज थोडा थरथरवून. थरथर चांगली जमते, असं लोक म्हणतात. त्या चढावर मला त्या थरथरीची लाज वाटली. चर्चनं साठीची सूट दिली तर मी रागावलो. हिला ती द्यायला कुणीच बसलेलं नाही.

वाटलं होतं, आता सुधारलो. गुरुवारी पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जणांत माझं नाव आलं. दुपारी मी बादलीभर पाणी घेऊन वजरीनं टाचा घासायला बसलो.

"अहो, पाय धुऊन घ्यायला पाय धुऊन जाताय?" बायको म्हणाली. "टँकर आज आला नाहीये." आणि बादली उचलून घेऊन गेली. तोवर एकच टाच झाली होती, उजवी.

संध्याकाळी फादर गुडघ्यावर बसले, परात सरकवली आणि नेमका डावा पाय धरला. तांब्यातून पाण्याची अगदी बारीक धार पडली. त्यांनाही टँकरचं माहीत होतं.