काकांचा पाय

पिंपळगाव राजात लाइट गेली की लोक अजूनही आधी काकांच्या दारात येतात. काका रिटायर्ड लाईनमन. अकरा हजार व्होल्टच्या लाइनीवर जन्म गेला, अंगावर एक डाग नाही. हल्ली मात्र दारात आलेल्याला थांबावं लागतं, कारण काका आत लाइट लावत असतात. एकच. ज्वारीच्या दाण्याएवढी, लाल.

"काय करून राह्यले, काका?"

"लाइट लावून राह्यलो."

"अन् मंग?"

"मंग इझवतो."

पुण्याच्या नातवानं आपला जुना रास्पबेरी पाय आजोबांना दिला, तिथून हे सुरू झालं. पत्त्यांच्या कॅटाएवढा अख्खा कॉम्प्युटर. केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि मंडळींनी 2012 साली तो बाजारात आणला, तो शाळकरी पोरांनी स्वस्तात प्रोग्रामिंग शिकावं म्हणून. हे शेवटचं काका कोणाला सांगत नाहीत.

घोटाळा झाला तो नावानं. "माह्या पायाले हात लावू नोका," असं काका आतून ओरडले, की नवा माणूस बिचकतो. "आज पाय लय गरम झाला," म्हणाले, तर ताप मोजायची भाषा सुरू होते.

पायाला चाळीस पिना. त्यातली अकरावी पिन प्रोग्राममध्ये सतरा नंबरची, यावर काकांचा राग अजून गेलेला नाही. "अकराव्या पोलाले आम्ही सतरा म्हटलं असतं ना, तर वर चढलेला माणूस खाली आला नसता!" पायथॉनशी तर रोजचं भांडण. आतल्या ओळींआधी सारख्या जागा सोडल्या नाहीत की तो अडून बसतो. काका एका बोटानं टायपिंग करतात आणि प्रत्येक रिकामी जागा मोठ्यानं मोजतात. खामगावला लोक चांदी घ्यायला जातात. काका जाऊन टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून लाल-लाल-तपकिरी पट्ट्यांचा, म्हणजे 220 ओहमचा रेझिस्टर घेऊन आले. एकच. आणि तो काकूंच्या मंगळसूत्राच्या डबीत ठेवला.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. उद्या शेतातली मोटर याच्यावर चालवीन, असं काका म्हणाले खरे, पण नजर त्या लाल ठिपक्यावरच होती. मोटर हे लोकांना द्यायचं उत्तर असावं, असा मला संशय आहे.

परवा घात झाला. एक नंबरच्या पिनेवर 3.3 व्होल्ट, शेजारच्या दोन नंबरवर 5. चष्मा कपाळावर होता, वायरचं उघडं टोक दोन्हींना एकदम टेकलं. ठिपका विझला तो विझलाच. अकरा हजारांना न भ्यालेला माणूस पाच व्होल्टपुढे खुर्चीत मटकन बसला.

काकूंनी घाबरून पुण्याला फोन लावला, तोही ओट्यावरून, मोठ्या आवाजात. "अरे, आबाचा पाय जळला!"

दहा मिनिटांत अंगण भरलं. कोणी बर्नॉल आणलं, कोणी दवाखान्यासाठी गाडी काढली. शेजारची म्हातारी कोरफडीचं पान चिरून घेऊन आली आणि धोतर वर करा म्हणून मागं लागली. काकांनी मुकाट्यानं हिरवी पट्टी तिच्यापुढे धरली.

म्हातारीनं पट्टी उलटसुलट पाहिली, मग पान परत न्यायला हात पुढे केला.

"राहू दे वो, माय," काका म्हणाले, "पोरगा दुसरा पाय पाठवून राह्यला."